दीड हात आत

"पाचच मिनिटं धराल का? माझा जोडीदार आजारी पडलाय."

शिवलेले कपडे पोचवायला निघालेली ती नदीकाठच्या गल्लीत थबकली. समोर तिवईवर दुर्बीण ठेवून एक सडपातळ माणूस उभा होता. तिच्या उत्तराची वाट न बघताच त्याने आकड्यांची उंच पट्टी तिच्या हातात दिली आणि तो लांब जाऊन दुर्बिणीला डोळा लावून वाकला.

"जरा सरळ धरा…"

"सरळच धरलीय. तुमची दुर्बीण वाकडी असेल."

"वाकडी नाही, जुनी आहे. हिच्यातून सगळं उलटं दिसतं. तुम्हीसुद्धा."

"मग आकडे कसे वाचता?"

"सवयीने." तो दुर्बिणीतून डोळा न काढताच हसला. "तुमची सवय व्हायला मात्र वेळ लागेल."

पाच मिनिटांचा तास झाला. कपड्यांना उशीर झाला म्हणून गिऱ्हाईकबाई तिला नाही नाही ते बोलली, आणि ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली — ओठांवरचं हसू दिसू नये म्हणून.

तशी ती नदी एवढीशी. शहराच्या मधून, घरांच्या पाठीपाठीने वाहणारी, वर्षाचे दहा महिने गुडघाभर पाण्याची. पण तीन वर्षांपूर्वी तिने वळणावरची आठ घरं एका पहाटेत नेली होती. तेव्हापासून ठरलं होतं की काठाने मोजणी करून लाल रेघ आखायची. रेघेच्या आत, नदीच्या बाजूला, येईल ते घर हलवायचं, माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला खोल्या द्यायच्या. त्याच मोजणीसाठी तो आला होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिला मात्र घोर नव्हता. तिचे बाबा जन्मभर गवंडीकाम केलेले. सुट्टीच्या दिवसांत एकेक वीट रचून त्यांनी हे घर उभं केलं होतं. "आपलं घर उंचावर आहे," असं ते तिच्या लहानपणापासून सांगत आले होते. आई याच घरात वारली. मागच्या खोलीत, नदीकडच्या भिंतीला, आईचं शिवणयंत्र होतं; त्यावरच आता ती कपडे शिवे.

दुसऱ्या दिवशी तो शर्टाचं बटण लावून घ्यायला आला. मग दुसरा शर्ट. मग तिसरा.

तिसरा शर्ट तिने उजेडात धरला. "हे बटण तुटलेलं नाही. दोरा कापलाय."

"दुर्बिणीच्या स्क्रूत अडकलं असेल…"

"तिन्ही शर्टांचं?"

त्याने कान खाजवला. "शर्ट संपत आलेत माझे. आता काय कापून आणू, ते तूच सांग."

'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. तिने दोरा दातांनी तोडला आणि ती खाली बघत म्हणाली, "काही आणू नकोस. नुसता ये."

तो रोज येऊ लागला. बाबांनाही तो आवडला. चहा घेता घेता ते त्याला भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा कसा सोडायचा ते सांगत, आणि तो ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐके. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, "जावई शोधायला काही जणांच्या चपला झिजतात. तुमच्याकडे मोजमाप घेऊन चालत आला." बाबा मिशीत हसले. ती आत पळाली.

मग एकदम चार दिवस तो आला नाही.

पाचव्या दिवशी आला, पण बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "बाबा, मागची खोली रेघेच्या आत येतेय… दीड हात."

बाबांचा कप खाली आला. खोली गेली की घर गेलं. साऱ्या छपराचा भार त्याच भिंतीवर होता, हे त्यांच्याहून कुणाला जास्त माहीत?

"परत मोज."

"तीनदा मोजलं. मग ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाकडून मोजून घेतलं. तेच आलं."

"दीड हात म्हणजे काय रे?" बाबांचा आवाज खाली आला. या माणसाने कुणापुढे हात पसरलेला तिने कधी पाहिला नव्हता. "रेघ जराशी वळव. कुणाला कळणार आहे?"

"तुम्ही दोघं या घरात झोपता, बाबा. नाही वळवता येणार."

"मग ऐक. माझ्या घरावर रेघ ओढणाऱ्या हातात मी माझी पोर देणार नाही."

लाल रंगाचा पट्टा त्याने स्वतःच ओढला, दुसऱ्या कुणाला ओढू दिला नाही. नंतर ती त्याला काठावर भेटली.

"माझी बदली झालीय," तो म्हणाला. "मीच मागून घेतली. चल माझ्याबरोबर… मला तू हवी आहेस. हे आधीच बोलायला हवं होतं."

पण घरात बाबा दोन दिवस जेवले नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिच्याशिवाय त्यांना होतं कोण?

"जा तू," एवढंच ती म्हणाली.

घर बाबांनी आपल्या हातांनी उतरवलं, कुणाला शिवू दिलं नाही. नव्या खोल्यांत बापलेकींचं बोलणं मिठाबिठापुरतं उरलं.

दोन वर्षांनी नदी पुन्हा चढली. पाणी ओसरल्यावर जुन्या गल्लीतल्या मावशीने बाबांना नेऊन घराची जागा दाखवली. संध्याकाळी ते परतले ते चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"काठ खचलाय. आपली मागची भिंत जिथे होती तिथे आता नुसता खड्डा आहे. पहाटे गेलं म्हणतात सगळं… आपण झोपेत असतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्याचं बरोबर होतं गं. फोन लाव त्याला. मी बोलावलंय म्हणावं."

ती फोन घेऊन गॅलरीत गेली. त्याचा आवाज ऐकताच ती ठरवलेलं सगळं विसरली.

"काठ खचला. तुझ्या रेघेपर्यंत."

"तुम्ही दोघं…?"

"बरे आहोत. तुझ्यामुळेच. आणि… त्या दिवशी मी बोलले नाही. मलाही तूच हवा होतास. अजूनही."



"माझं लग्न झालं," तो हळूच म्हणाला. "चार महिने झाले. चांगली आहे ती."

तिने कठडा धरला. "बरं झालं. मला फक्त सांगायचं होतं."

"मला माहीत होतं तेव्हाही," तो म्हणाला. "तरी… बरं झालं सांगितलंस."

ती आत आली. बाबा दाराकडेच बघत होते. "केव्हा येतोय?"

"नाही येणार, बाबा. संसाराला लागला तो."

बाबा उठले. मग तिच्याजवळ येऊन त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. ती रडू लागली, आणि त्यांनी तिला रडू दिलं.