तीनशे बारा नंबरची घडी

वही गेली होती. घड्याळ मात्र जागेवर होतं.

बाई ओल्या केसांनी बाथरूमच्या दारात उभ्या होत्या. पाऊण तासापूर्वी आरशाखालच्या काचेच्या फळीवर त्यांनी दोन वस्तू ठेवल्या होत्या, सोन्याचं घड्याळ आणि निळी वही. मग दाराला ‘आत येऊ नये’ची पाटी अडकवून त्या खाली पोहायला गेल्या. आता चोराने सोनं सोडून कागद नेला होता. असला चोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

बाईंचा धंदाच मुळी खोड काढण्याचा. एका मासिकासाठी त्या हॉटेलांची परीक्षणं लिहायच्या. कोण ते न सांगता राहायचं, सगळं बारकाईने बघायचं आणि घरी जाऊन झोडपायचं. कचेरीत त्यांना मागून ‘कारलं’ म्हणत. तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. बाईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता.

हे हॉटेल म्हणजे त्यांना आयतंच कुरण. बाहेर चारी बाजूंनी गाड्यांचा कलकलाट, आणि मधे हा चारशे खोल्यांचा पसारा, कधीकाळी समुद्रकाठचा थाट आणून बांधलेला. वेताच्या खुर्च्या उसवलेल्या, खोटा धबधबा कोरडा, पलंगाच्या उशाशी रेडिओची सहा बटणं आणि त्यातलं एक चालेल तर शपथ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. हे सगळं त्या वहीत होतं.

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. चादर विस्कटलेली, टॉवेल जमिनीवर, चहाचा उष्टा कप तसाच. म्हणजे खोली कुणी आवरलेली नव्हती. पण टॉयलेट पेपरचं टोक त्रिकोणी दुमडलेलं होतं. सकाळी तो कागद त्यांनी स्वतः वेडावाकडा फाडला होता.

त्या खाली वाकल्या. त्रिकोणी टोक जगभर करतात, बाईंनी हजारदा पाहिलं होतं. इथे मात्र त्रिकोणाचं टोक परत मागे वळवून आत खोचलं होतं. तसं त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या कागदाला हात लावला नाही.

मॅनेजर चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा, कपड्यांना इस्त्री अशी की बोट कापावं. बाई कोण आहेत हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला, चार वेळा माफी मागितली. बाईंच्या केसांतून पाणी टपकत होतं, तर टेबलावरच्या डब्यातून एक टिश्यू ओढून त्यांच्यापुढे केला, वर आलेल्या पुढच्या टिश्यूचं टोक बोटांनी सारखं केलं आणि बोलत राहिला. तो परदेशात शिकला होता म्हणे, इथे थेट मॅनेजर म्हणूनच आला होता, आणि त्याच्या राज्यात असलं काही खपत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या उघडणाऱ्या किल्ल्या दोनच. एक त्याच्या ड्रॉवरमध्ये. दुसरी तो मजला आवरणाऱ्या मावशीच्या कमरेला.

“मग प्रश्नच मिटला,” तो म्हणाला. “संध्याकाळी मावशी कामावर नसेल. तिला नोकरीतून काढल्याचं पत्र टाइप होतंय.”

“तिला विचारलंत?”

“विचारायचं काय? चोर कधी हो म्हणतो का?”

बाईंना हे पटेना. त्या कडू असतील, पण आंधळ्या नव्हत्या. मावशीला वाचता येत नाही असं स्वागतकक्षातली मुलगी सहज बोलून गेली होती. जिला वाचता येत नाही तिने सोन्याचं घड्याळ टाकून वही कशाला न्यावी?

तिसऱ्या मजल्यावर एसीचा मेकॅनिक शिडीवर चढलेला सापडला. कोपरापर्यंत ग्रीसने काळा.

“आज मावशींची किल्ली कुणी मागून घेतली होती?”

“मीच. तीनशे नऊचा एसी गळत होता.”

“किती वेळ होती?”

“वीस मिनिटं. का, काय झालं?”

“हात धुतले होते?”

तो हसला. “बाई, हे धुऊन जातं होय? रविवारी घरी घासतो तेव्हा कुठे माणसात येतो.”

बाईंनी मान हलवली. त्या घडीवर डाग काय, ठिपकाही नव्हता.

मावशी चादरींच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसली होती. साठीला टेकलेली, किडकिडीत, उजव्या अंगठ्याला पट्टी. एकतीस वर्षं याच मजल्यावर, तीन महिन्यांनी निवृत्त व्हायची. आणि आता चोर म्हणून जायचं. मागच्या आवारात तिची कामगारांची खोली होती, तीही जाणार. ती रडत नव्हती. बाईंनी विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

“तीनशे बारामध्ये गेला होतात?”

“नाही. पाटी असली की मी दारही वाजवत नाही.”

“बाकीच्या खोल्यांत कागदाच्या टोकाला गोल स्टिकर दिसतो. घडी का घालत नाही?”

मावशीने अंगठा दाखवला. दोन वर्षांपूर्वी दारात सापडला, तेव्हापासून वाकतच नाही, आणि जोर दिला की अजून फाटतो. “पूर्वी घालायचे. माझी आपली एक वेगळी घडी होती. हाताखाली शिकले ते सगळे तशीच घालायचे. बाथरूममधून निघताना हात आपोआप तिकडे जायचा, डोळे मिटून. आता त्यातलं कुणी उरलं नाही इथे.”

बाई तिला तीनशे बारामध्ये घेऊन गेल्या आणि बाथरूमचा दिवा लावला.

मावशी त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग पदराने चेहरा पुसून ती म्हणाली, “मीच आले होते, बाई. वही मीच घेतली. कचऱ्यात टाकली.”

पाच मिनिटांपूर्वी ठाम नाही म्हणणारी मावशी एक कागद बघून कबूल झाली. बाईंना जे कळायचं ते तिथेच कळलं, आणि कळलं ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

दुपारी मॅनेजरच्या खोलीत तिघं जमली. टेबलावर ते पत्र तयार होतं, फक्त सही बाकी. बाईंनी पर्समधून टॉयलेट पेपरचा नवा रोल काढून पत्रावर ठेवला.

“मावशी, तुम्ही म्हणता तुम्हीच आला होतात. मग तशी घडी घालून दाखवा.”

मावशीने रोल जवळ ओढला. डाव्या हाताने एक कोपरा वळवला. दुसरा वळवायला उजवा अंगठा पुढे आणला, तो लाकडासारखा ताठ. कागद निसटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिने दात आवळून अंगठा दाबला आणि कागद टरकन फाटला. तरी ती थांबेना, फाटलेलंच टोक वळवत राहिली.

मॅनेजरच्या कपाळावर घाम आला होता. तो खिडकीकडे बघत होता, मग टेबलाकडे, मग त्या अंगठ्याकडे.

“पुरे, आत्या,” तो म्हणाला.

मावशीने डोळे मिटले.

“मला नातं माहीत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “पण बाकीचं सांगते. चोराला सोनं नको होतं, वहीच हवी होती. म्हणजे मी कोण हे त्याला आधीच माहीत होतं आणि त्याला वाचता येत होतं. त्याच्याकडे किल्ली होती. मेकॅनिक आला असता तर कागद काळा झाला असता. मावशींचा अंगठा वाकत नाही. मग उरली ड्रॉवरमधली किल्ली. माणूस वही उचलतो, निघतो, आणि निघताना त्याचा हात वीस वर्षांपूर्वीच्या सवयीने कागदाकडे जातो. त्याला पत्ताही नसतो. साहेब, तुमच्यासमोरच्या डब्यातला टिश्यू बघा. सकाळी माझ्याशी बोलता बोलता तुम्ही घडी घातलीत. टोक आत खोचलंय. तुम्ही इथे थेट मॅनेजर म्हणून आला नाहीत. इथेच, यांच्या हाताखाली खोल्या आवरायला शिकलात.”

त्याने डब्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून निळी वही टेबलावर ठेवली.

तो हळूहळू बोलू लागला. आईबाप लहानपणीच गेले, आत्याने मागच्या आवारातल्या त्या खोलीत वाढवलं, शिकवलं, परदेशी धाडलं. परत आल्यावर त्यानेच तिला बजावलं होतं की चारचौघांत साहेब म्हणायचं. नळाला गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बाई घड्याळ लावून मोजतात, हे मेकॅनिकने गंमत म्हणून सांगितलं, तेव्हाच त्याने बाई कोण ते ओळखलं. यंदा परीक्षण वाईट आलं तर मालक त्याला घरी बसवणार होते. वही वाचून परत ठेवायची होती, तोवर बाई वर आल्या.

“आणि आळ यांच्यावर?”

“कुणाला तरी धरायलाच हवं होतं, मॅडम. ही बोलणार नाही हे मला माहीत होतं.”

बाईंना त्याची शिसारी आली. ज्या ताटात जेवला त्यालाच भोक पाडणारा, असं काहीतरी त्या सुनावणारच होत्या. पण त्याने वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. त्याच्या तोंडावर आता लाज नव्हती, नुसता कडवटपणा होता.

“पान नऊ. मोठ्याने वाचा की. तिलाही कळू दे.”

बाईंना पान नऊ आठवलं. त्यांनी वही मिटली.

“काय लिहिलंय?” मावशीने विचारलं.

बाईंनी वही पर्समध्ये घालायला घेतली. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा बाईंना वाचावंच लागलं.

“‘तिसऱ्या मजल्यावरच्या चादरी सैल. कोपरे सुटलेले. हे काम म्हाताऱ्या, थकलेल्या हातांवर सोडलेलं दिसतं. ही माणसं ताबडतोब बदलावीत.’”

परीक्षण छापून आलं असतं तर मालकांनी सगळ्यात आधी कुणाला काढलं असतं, हे तिघांनाही समजलं.

“चादरीचं खरं आहे,” मावशी म्हणाली. “कोपरा खोचायला अंगठाच लागतो.” तिने टेबलावरचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. “माझी नोकरी राहिली. बाई, आता त्याची घालवू नका. तो माझा आहे.”

“त्याने तुम्हाला चोर ठरवलं, मावशी.”

“ठरवलं ना. ते माझं मी बघेन.” ती उठली. भाच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. “तुमची खोली तशीच पडलीय. आवरून घेते.”

बाई अर्ध्या तासाने वर गेल्या. खोली लख्ख होती. पलंगावरची चादर ताठ ओढलेली, चारी कोपरे घट्ट. उशाजवळच्या कोपऱ्यावर रक्ताचा एक बारीक डाग होता, पट्टीतून पाझरलेला. बाथरूममध्ये घडी घातलेला तो कागद फाडून टाकला होता आणि रोलच्या सरळ टोकावर गोल स्टिकर लावला होता.

बाईंनी वहीतलं नववं पान फाडलं. मग बराच वेळ त्या पलंगाशेजारी उभ्या राहिल्या. त्या चादरीवर बसायची त्यांची हिंमत झाली नाही.