कांकणाचं कडवं

इस्रायलात बेरशेव्याहून अरादला निघालेली बस ओढ्यापाशी थांबली ती थांबलीच. वाळवंटातल्या पावसाचं हे असंच. वर्षभर फिरकायचं नाही, आणि आला की रस्ताच गिळून टाकायचा. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, रेडिओ लावला आणि पाय लांब केले. म्हणजे आता पाणी उतरेपर्यंत बसा गपचूप.

एदना खिडकीशी बसली होती. काचेवर ओघळ, बाहेर गढूळ पाणी, आणि शेजारच्या बाकावर एक उंच, हडकुळा माणूस. काळ्या फ्रेमचा चष्मा, बाहीला ग्रीसचा डाग. तो ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत होता. प्रार्थना करत असेल, असं तिला वाटलं. मग एक शब्द कानावर पडला... ‘अंगण’.

इतक्या दूर, या ओसाड रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या तोंडून ‘अंगण’ ऐकल्यावर कुणाला राहवेल?

‘‘अक्षरं मोजताय का?’’ तिनं मराठीत विचारलं.

तो असा दचकला की चष्मा नाकावरून घसरला. ‘‘कोण — मी? छे. मी मुक्तछंदात लिहितो.’’

‘‘मग बोटांवर काय चाललंय?’’

‘‘थंडीनं आखडलीत... बोटं.’’

‘‘असं होय.’’ ती हसू दाबत म्हणाली. ‘‘मी एदना पेझारकर. आणि तुम्ही मुक्तछंदवाले?’’

‘‘नेहेमिया झिराडकर.’’

एदनाचं हसू आता काही केल्या दबेना. पेताह तिक्वाचे जुडाकाका ‘ओसरी’ नावाचं मराठी त्रैमासिक काढत. कोकणातून मुंबई-ठाण्याला आणि तिथून इथं आलेल्या आपल्या ज्यू माणसांसाठी ते निघे. त्याची स्टेन्सिलं एदनाच टाइप करायची, मुंबईहून आणलेल्या टाइपरायटरवर. दिवसा दवाखान्याच्या खिडकीत बसून हिब्रू बोलायची आणि संध्याकाळी मराठी बडवायची.

‘‘म्हणजे ‘लाल पहाट’वाले तुम्हीच,’’ ती म्हणाली. ‘‘त्या कवितेत ‘मूठ’ इतक्यांदा आली होती, की माझ्या टाइपरायटरचा ‘ठ’ झिजला.’’

तो रागवायला हवा होता. पण त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं. ‘‘आणखी काय झिजलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘माझा धीर. तुमचा तो कामगार सारखा मूठ वळतो. जेवतो कधी बिचारा?’’

पाणी उतरलं, बस निघाली, तरी दोघांचं भांडण काही संपलं नाही. अरादच्या थांब्यावर उतरताना तो म्हणाला, ‘‘पुढची कविता टपालानं नाही पाठवत. आणूनच देतो.’’ आणि पोरीनं, काही कारण नसताना, घरी जाऊन आरशात बघितलं. झालं! अशा गोष्टींची सुरुवात अशीच होते, आणि शेवट कुणी आधी सांगत नाही.

नेहेमिया मृत समुद्राकाठच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता आणि कामगारांच्या कमिटीवरही होता. ठाण्यात असताना वडिलांच्या युनियनच्या सभांना जाऊन जाऊन त्याच्या डोक्यात जे भरलं होतं, ते इथं येऊनही निघालं नव्हतं. शुक्रवारी दुपारी, शब्बाथची सुट्टी लागायच्या आत, तो कविता घेऊन एदनाच्या घरी यायचा. आई त्याला नारळाच्या रसातली मच्छी वाढायची आणि बोलणीही खायला घालायची.

‘‘सरकारात असताना तुमच्या लाल पक्षवाल्यांनीच आम्हांला या वाळूत आणून टाकलं, बाबा. म्हणाले होते समुद्राजवळ घर देऊ. हा काय समुद्र?’’

‘‘खरंय, मावशी,’’ तो खाली मान घालून म्हणायचा. ‘‘आमचेच लोक तुम्हांला विसरले. म्हणून तर त्यांच्याशी भांडतो.’’

‘‘भांड, पण आधी जेव.’’

जेवण झालं की एदना पेन्सिल घेऊन बसायची.

‘‘कवितेनं बाजू घेतली पाहिजे,’’ तो म्हणायचा.

‘‘घेऊ दे की. पण बाजू घेतली म्हणून कानाशी येऊन ओरडायला कशाला हवं? हे ‘शोषित’, हे ‘पीडित’... काढा. त्या बाईचं काय दुखतं ते सांगा.’’

‘‘आणि छंद? छंद म्हणजे जुन्या जगाची बेडी आहे, एदना.’’

‘‘तुमच्या कारखान्यात वायरीला नळी नसते? नळीत घातली म्हणून वीज कमी होते?’’

तो तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिला, मग हाताकडे, आणि मग उगाचच पाणी मागितलं. पुढच्या शुक्रवारी त्यानं ओवी आणली, आठ-आठ अक्षरांची, गुपचूप लिहिलेली.

दारी साचली गं वाळू, सई झाडीते अंगण
कुणी येणार म्हणून हाती भरते कांकण

एदनानं पेन्सिल खाली ठेवली. काढण्यासारखं काहीच नव्हतं. 

‘‘ही सई कोण?’’ तिनं विचारलं.

‘‘आहे एक. लोकांचे ‘ठ’ मोजते.’’

त्या दिवशी त्यांचं ‘तुम्ही’ सुटलं. 

मग ब्याऐंशीचा उन्हाळा आला आणि लेबनानची लढाई सुरू झाली. एदनाचा धाकटा भाऊ एफ्राईम सैन्यात होता. तो उत्तरेला गेला. आईनं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलला — लेक धडधाकट परत येऊ दे, मलिदा करीन; आणि एदनाच्या लग्नाचं त्यानंतरच बघीन. दाराची कडी वाजली की ती हातातलं सोडून उभी राहायची. 

याच दिवसांत नेहेमियानं ओवी पुरी केली. ती वाचायला दोघं घराच्या पायरीवर बसली होती. संध्याकाळचा वारा सुटला होता. त्यानं कागद पुढे केला. आधीची कडवी तीच होती, गोड. मग शेवटचं आलं.

ज्याची वाट पाही सई, तोही झाडतो अंगण
बंदुकीने परक्याचे, तिथे फुटते कांकण

एदनानं ते दोनदा वाचलं. इतकं चांगलं त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. एकही मूठ नाही, एकही घोषणा नाही, आणि तरी काही सांगायचं उरलं नव्हतं. जे ती इतके महिने त्याला शिकवत होती, ते त्यानं करून दाखवलं होतं. आणि तिला ते कागदावर नको होतं.

‘‘हे शेवटचं... जरा अडखळतं,’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

तिनं पेन्सिल कानामागे खोचली.

‘‘कुठे अडखळतं, एदना? अक्षरं बरोबर आहेत. मोजून बघ.’’

तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. तिनं कागद मागितला नाही, नेहेमियालाच वाचायला लावलं. त्यानं वाचलं. ‘फुटते कांकण’ ऐकताच आईनं दाराची चौकट धरली. 

‘‘माझा लेक तिकडे असताना तू फुटलेल्या बांगड्या लिहितोस?’’

‘‘मावशी, ती बांगडी त्या तिकडच्या बाईची—’’

‘‘कुणाचीही असो. या घराच्या उंबऱ्यावर बसून अशुभ लिहिलंस. हे छापलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही, आणि पोरीचं नाव काढायचं नाही.’’ एवढं बोलून ती आत गेली.

मग एदनानंच तोंड उघडलं.

‘‘अडखळत नाही ते,’’ ती म्हणाली. ‘‘खोटं बोलले. मला भीती वाटते. एफ्राईम आला नाही तर आई जन्मभर म्हणेल, त्या कडव्यानं नेलं त्याला. आणि मी... मीही म्हणेन बहुतेक. काढतोस, नेहेमिया? माझ्यासाठी?’’

हे तिनं मागायला नको होतं. पण प्रेमात माणूस हेच मागतं, जे मागू नये ते. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या कानामागची पेन्सिल काढली आणि शेवटच्या कडव्यावर शांतपणे रेघ मारली. 

‘‘मग माझं नावही काढ,’’ तो म्हणाला. ‘‘उरलंय ते माझं नाही.’’

‘ओसरी’त ओवी बिननावाची छापून आली. 

एफ्राईम पावसाळी थंडीत परत आला, धडधाकट. आईनं पोहे भिजवले, खोबरं किसलं, गूळ घातला, तबकात फळं मांडली. शेजारपाजार जमून प्रार्थना झाली आणि मलिदा वाटला. आईनं पहिली वाटी नेहेमियाच्या हातात दिली. म्हणजे सगळं जमलं होतं, लग्नसुद्धा. पण एफ्राईम घास न घेता उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. एदना त्याच्यामागे गेली.

आई मराठीत काही बोलली की तो ‘‘बेसेदेर, इमा’’ एवढंच म्हणायचा, ठीक आहे आई. बहिणीशी मात्र बोलला, तेही हिब्रूतच. ‘‘इमा सांगत होती, नेहेमियानं माझ्याबद्दल काहीतरी वाईट लिहिलं होतं. काय लिहिलं होतं?’’

एदनानं कडवं हिब्रूत सांगितलं, सुचेल तसं. 

तो ऐकत राहिला. हातातला दगड इकडून तिकडे करत राहिला. ‘‘नाखोन,’’ तो शेवटी म्हणाला. बरोबर आहे. ‘‘त्या अंगणात एक म्हातारी होती. आम्ही आत शिरलो तेव्हा ती झाडतच होती. त्याला हे कसं कळलं?’’ मग त्यानं विचारलं, ‘‘छापलं कुठे? मला वाचून दाखव.’’

 

दुसऱ्या दिवशी एदना कारखान्याच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी राहिली. नेहेमिया उतरला तशी म्हणाली, ‘‘पुढच्या अंकात पुरी ओवी छापू. तुझ्या नावानं. आईला मी सांगते, एफ्राईम सांगेल—’’

‘‘नको.’’

‘‘का नको? तो स्वतः म्हणतोय.’’

‘‘एदना, पक्ष हरला तेव्हा मला इतकं वाटलं नाही. युनियन झोपली तेव्हाही नाही. वाटायचं, माझी एक वही तरी जागी आहे.’’ तो हळू बोलत होता, थकलेल्या माणसासारखा. ‘‘त्या संध्याकाळी कळलं, की मला खोडता येतं. तुझ्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि मी खोडलं. एकदा कळल्यावर... आता ओळ सुचते, आणि ती पुरी व्हायच्या आत मीच विचारतो, हिनं कुणाला वाईट वाटेल. मग ती येतच नाही.’’

‘‘माझा राग येतो तुला?’’

‘‘नाही. आला असता तर लिहिलं असतं.’’ आणि त्यानं तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. तिला वाटलं, यानं भांडावं, ओरडावं, पुन्हा सगळ्या मुठी वळाव्यात. त्यानं विचारलं, ‘‘थंडी वाजतेय का?’’

लग्न मोडलं नाही. मोडायला कारण काय होतं? तो तिच्यावर जीव टाकत होता, आई खूश होती. एदनानं दोनदा ‘लग्न नको’ म्हणायचं ठरवलं आणि दोनदा बेत सोडला. त्याला सोडलं तरी त्याच्या ओळी परत येणार नव्हत्या, आणि त्याच्याशिवाय राहायचं तिच्यानं होणार नव्हतं.

मेंदीच्या संध्याकाळी घर भरलं. पेताह तिक्वाहून रिबेकामावशी आली, आणि तिच्याबरोबर बायकांचा तांडा. एदनाला पाटावर बसवलं, दोन्ही हात मेंदीनं भरले. नेहेमियाला समोर बसवून त्याच्याही बोटाला मेंदी लावली, कुणीतरी थट्टा केली, तो हसला. मग रिबेकामावशीनं घसा खाकरला आणि सूर लावला.

दारी साचली गं वाळू, सई झाडीते अंगण...

बायकांनी लगेच उचललं. सगळ्यांना येत होतं. पेताह तिक्वात प्रत्येक मेंदीला आता हेच म्हणतात, मावशी सांगत होती. ‘हाती भरते कांकण’पाशी त्यांनी एदनाच्या हिरव्या बांगड्या वाजवल्या आणि हसल्या. भिंतीला टेकून उभा असलेला एफ्राईम ओवीचे शब्द न कळता ऐकत होता.

गाणं थांबलं तसं मावशीनं विचारलं, ‘‘कुणाचं गो हे? नेहेमिया, तू वाचणारा माणूस. तुला ठाऊक असेल.’’

सांग, एदना मनात म्हणाली. आत्ता सांग. एफ्राईम इथं आहे, सगळी इथं आहेत, पुढचं कडवंही म्हण. लग्न खड्ड्यात गेलं तरी चालेल.

नेहेमियानं तिच्याकडे बघितलं, अगदी मायेनं. 

‘‘जुनंच आहे, मावशी,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या अलिबागेकडचं. बायकांनीच केलेलं असणार.’’

‘‘मला वाटलंच,’’ मावशी म्हणाली. ‘‘हल्लीच्या पोरांना कुठलं असं जमतंय.’’

एदना रडू लागली. हात ओले होते, तोंड झाकायची सोय नव्हती. ती सगळ्यांदेखत रडली, हमसून हमसून, आणि बायकांना बरं वाटलं. मेंदीला नवरी रडली नाही तर कसली मेंदी? रिबेकामावशीनं पदरानं तिचे डोळे पुसले, ‘‘रड गो बाय, रड,’’ म्हणाली, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.