ओळखीची फाईल

माझ्या मुलीचं, किरणचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. साल २०२३, मे महिना, मुलुंड पूर्वेचा हॉल. मंगलाष्टकं सुरू झाली होती, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हात धुवायच्या बेसिनपाशी एक उंच मुलगा फोनवर हळू आवाजात बोलत होता. नवऱ्या मुलाचा मित्र, ओजस. कांदिवलीचा.

माझी पुतणी गंधाली अक्षतांचं ताट घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अहो, लग्न इथे लागतंय. तुम्ही तिकडे कोणाचं लावताय?”

तो गडबडला. फोन खिशात टाकला. “सॉरी... मी विम्याच्या कंपनीत आहे. क्लेम बघतो. एक माणूस हॉस्पिटलात आहे, त्याच्या मुलाला नाही म्हणून सांगायचं होतं.”

“आज? रविवारी?”

“महिनाअखेर आहे ना. ‘नाही’ कमी पडले की सोमवारी सगळ्यांसमोर उभं करतात.”

“मग सांगितलंत?”

“सांगितलं.”

तिने ताट पुढे केलं. मग त्याच्या मुठीत अक्षता ओतून म्हणाली, “घ्या. आता कोणाचं तरी भलं चिंता.”

जेवताना तिने न विचारता त्याच्या ताटात जिलबी वाढली.

“पुरे, पुरे—”

“नाही म्हणायची सवय ऑफिसात ठेवा. इथे चालायची नाही.”

तो मान खाली घालून हसला. मी बघितलं, नलिनीनेही बघितलं. नलिनी म्हणजे गंधालीची आई, माझी धाकटी जाऊ. आम्हा दोघींचे नवरे गिरणीतले, दोघेही गेलेले. किरण सासरी गेल्यावर मुलुंडच्या घरात आम्ही तिघीच उरलो.

गंधाली स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जूनमध्ये हा ओजस तिथे हजर. कांदिवलीत चष्म्याची दुकानं नव्हती असं नाही.

“डोळे फार कोरडे पडतात,” तो म्हणाला. “दिवसभर स्क्रीन.”

“पाणी पिता का?”

“कमी. जागेवरून उठलं की घड्याळ लागतं. उशीर झाला की पगाराच्या वेळी आठवण करून देतात.”

“कमाल आहे! बसा. समोरची शेवटची ओळ वाचा.”

“ती दिसत नाही.”

“मग काय दिसतंय?”

“तुम्ही मध्ये उभ्या आहात.”

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. नलिनी मालवणीत म्हणाली, “मेलो चष्मो घेऊक इलो की तुका बघूक?” मग चष्म्याची काडी सैल झाली म्हणून तो आला, मग काच घासली गेली म्हणून. हळूहळू ‘अहो’चं ‘अरे’ झालं. त्याच्या डाव्या कानावर हेडफोनने घट्टा पडला होता. एकदा दुकानात कोणी नसताना तिने त्यावर बोट ठेवलं. जे बोलायचं होतं ते दोघांनी राखून ठेवलं होतं, पुढे कधीतरी बोलू म्हणून.

ऑक्टोबरमध्ये नलिनीला जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ती बदलायला हवी, फार दिवस थांबता येणार नाही. ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ठरलं. विमा होता, पण कंपनीची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल दाखल करून घेईना. कंपनी ओजसचीच. आणि फाईल नेमकी त्याच्याच टेबलावर आली.

त्या संध्याकाळी तो घरी आला. चहा घेतला नाही.

“गंधाली, नियम असा आहे की ओळखीच्या माणसाची फाईल आली तर सांगायचं. मग ती दुसऱ्या टेबलावर जाते.”

“जाऊ दे मग.”

“तिथे पहिल्यापासून सुरू होतं. आईंना तेवढा वेळ नाहीये. मी सांगत नाही. मंजूर होण्यासारखीच केस आहे, मी काही खोटं करत नाहीये. फक्त फोनवर आपण अनोळखी. सगळे कॉल रेकॉर्ड होतात, आणि मोठ्या मंजुरीआधी वरचा माणूस शेवटचा कॉल ऐकतो. लक्षात ठेवशील?”

“ठेवीन, सर,” ती म्हणाली, आणि इतक्या काळजीतही दोघांना हसू आलं.

मग त्यांचे ते फोन सुरू झाले. नलिनीलाही ऐकता यावं म्हणून गंधाली स्पीकर लावायची.

“मॅडम, आईंचा जुना ईसीजी लागेल.”

“पाठवते. तुम्ही जेवलात का, सर?”

“...मॅडम, हा प्रश्न आमच्याकडे नसतो.”

“असायला हवा.”

“आपली सूचना नोंदवून घेतो, मॅडम.”

नलिनी पदर तोंडाला लावून हसायची. हसली की तिला धाप लागायची, तरी हसायची.

मंगळवारी दुपारी फोन आला. मी मेथी निवडत होते. गंधाली आईचे पाय चेपत बसली होती.

“मॅडम, माझ्याकडून सगळं पूर्ण झालंय. उद्या सकाळी वरची सही होईल. गुरुवारी ऑपरेशन होऊ शकतं.”

गंधालीने आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून शब्द निघून गेले— “ओजस, तू मला फार आवडतोस रे. मला तुझ्याशीच लग्न करायचंय.”

मग तो, अगदी सावकाश, “अजून काही मदत करू शकतो का, मॅडम?”

तेव्हा तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. तिला सगळं माहीत होतं, पण आनंदात माणसाला काय माहीत राहतं?

नलिनी मात्र तिचा हात धरून म्हणाली, “बरां झालां गो. माका ऐकूक गावलां.”

बुधवारी सही झाली नाही. ओजसचा साहेब प्रबुद्ध, त्याने तो कॉल ऐकला. माणूस वाईट नव्हता, त्याच्या डोक्यावरही कोणी बसलेलं होतंच. त्याने विचारलं, “ह्या मुलीला ओळखतोस?”

“नाही,” ओजस म्हणाला.

“बरं. पण कॉलवर असं काही बोलणं आलं की टेबल बदलावंच लागतं. माझ्या हातात नाही.”

संध्याकाळी ओजसने खाली रस्त्यावर उभं राहून हे गंधालीला सांगितलं.

“नाही म्हणालास?”

“आईंसाठी म्हणालो गं. तरी काढून घेतली.”

“बरोबर केलंस,” ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाची बाही धरून रडली. तिने मनातलं सांगितल्यावर त्याला पहिलं उत्तर द्यावं लागलं ते ‘नाही’, आणि तेही फुकट गेलं.

नव्या टेबलावरच्या मुलीने जुना ईसीजी पुन्हा मागितला. मग डॉक्टरांचं पत्र. मग, आजार विमा घेण्याआधीपासून नव्हता कशावरून? ती तरी काय करणार, तिच्याही समोर घड्याळ. गुरुवार गेला. पैसे आपणच भरू म्हणून आम्ही नातेवाइकांकडे हात पसरले, दागिने काढले, किरणच्या सासरच्यांनीही मदत केली. हॉस्पिटलने नवी तारीख दिली, १४ डिसेंबरची. ती तारीख नलिनीला गाठता आली नाही.

नलिनीचं दिवसकार्य झाल्यावर ओजस आला. नोकरी सोडली होती त्याने. दारातच उभा राहिला. आत ये म्हणायचं गंधालीला सुचेना.

“माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली.

“ती फाईल मीच पहिल्या दिवशी देऊन टाकायला हवी होती. तुझ्यामुळे नाही.”

“मग कोणामुळे?”

एका पोरीने प्रेम आहे म्हणून सांगितलं, यात गुन्हा कुठला, हे मला अजून समजलेलं नाही.

“मी फोन करत जाऊ?” त्याने विचारलं.

“फोन नको. फोनवर तुझा आवाज आला की वाटतं, अजून मंजुरी यायचीय आणि आई आत झोपलीय.” ती दारातून बाजूला झाली. “येत जा. समोर बसून बोल.”

तो येतो, रविवारी. दोघंही कमी बोलतात. लग्नाचं मी विचारत नाही, त्यांचं ते बघतील. गेल्या रविवारी गंधालीने मेथी निवडता निवडता त्याच्या ताटात अर्धी जुडी टाकली, आणि तो निवडू लागला.

माझी जाऊ नलिनी शनिवारी, ९ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी मुलुंडच्या घरी वारली.