मांतोव्हातला बाक

२०२१च्या ऑगस्टमध्ये सिडनीच्या पश्चिम भागात कडक लॉकडाऊन होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही आणि देशाबाहेर तर नाहीच नाही. हॅरिस पार्कमधल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जोसेफिन आणि तिचा नवरा रॉयस्टन आठवडेच्या आठवडे एकमेकांसमोर होते.

दोघं मूळचे वसईचे. जोसेफिन जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची ड्रॉइंग्ज करायची. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून एप्रिल २०२०मध्ये दोघं इटलीला जाणार होते. ती ट्रिप बुडाली. तिची हौस मात्र जाईना. म्हणून तिने ऑनलाइन सहली घेतल्या. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, डोनाटा नावाची साठीची गाइड फोन काठीला लावून मांतोव्हा शहरात फिरायची. सिडनी, पर्थ, ऑकलंड अशी चार-पाच माणसं घरी बसून बघायची.

तिसऱ्या मंगळवारी डोनाटा त्यांना एका जुन्या महालातल्या छोट्या म्युझियममध्ये घेऊन गेली. एकामागे एक अशा सहा खोल्या, सगळी दारं एका रेषेत. शेवटच्या खोलीत भिंतीभर रंगवलेले पडदे होते. त्यांच्या घड्या इतक्या हुबेहूब, की खिडकीतून पडलेलं ऊनही कुणी रंगवलंय असं वाटावं. मधोमध एक लाकडी बाक.

"खिडकीपाशी भिंत किती जाड आहे?" जोसेफिनने विचारलं.

डोनाटा हसली. "तुझा नवरा म्हणालाच होता, तू हेच विचारशील. रविवारी त्यानेच मोजली. चार विती आणि वर थोडी."

"माझा नवरा?"

"रॉयस्टन. उंच आहे, उजव्या पायाने लंगडतो. तासभर त्या बाकावर बसून होता."

बाकीच्यांचे माइक बंद होते.

जोसेफिनला आधी हसू आलं. यानेच गुपचूप फोन करून काहीतरी गंमत ठरवली असणार. रात्री जेवताना तिने विचारलं, "डोनाटाशी बोललास तू?"

"कोण डोनाटा?" भात कालवता कालवता त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. मग तो उठला आणि ताट सिंकमध्ये ठेवायला गेला. तिचं लक्ष त्याच्या चालण्याकडे गेलं.

"रॉय, तुझा गुडघा?"

"बरा झाला."

"कधी?"

"झाला की. इट्स ऑल गुड."

फुटबॉल खेळताना गेलेला गुडघा. दोन वर्षं फिजिओ करून जिना चढताना कण्हणारा माणूस. बरा झाला, आणि बायकोला सांगितलंही नाही?

त्या आठवड्यात ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरीही तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा फोन उघडला. त्यात काहीच सापडलं नाही. संध्याकाळी तो दुसऱ्या बेडरूमचं दार लावून "पर्थशी कॉल" करायचा. एकदा तिने दाराला कान लावला. आत कुणी बोलत नव्हतं. टाइप केल्याचा आवाज नव्हता. खुर्चीसुद्धा करकरत नव्हती. ती पाच मिनिटं तशीच उभी राहिली. मग आतून शांतपणे आवाज आला, "काय गं, जो?"

पुढच्या मंगळवारी डोनाटा पुन्हा त्याच म्युझियमच्या दारात उभी होती. सहल सुरू व्हायच्या आधीच जोसेफिनने तिला विचारलं, "तो माणूस खरंच आला होता, कशावरून?"

डोनाटा जरा दुखावली. कोविडमुळे येणाऱ्या प्रत्येकाला दारातल्या वहीत नाव आणि फोन लिहावा लागे. तिने पान उलटून कॅमेऱ्यासमोर धरलं.

अक्षर रॉयस्टनचं होतं. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती, तो काढायचा तशीच. नंबरही त्याचाच होता.

जोसेफिनने तो नंबर लावला.

पलीकडच्या खोलीत फोन वाजला. आणि क्षणभराने लॅपटॉपमधूनही, लांबून, दगडी खोल्यांमधून घुमत, तीच रिंगटोन आली.

"आजही आलाय तो," डोनाटा हळू आवाजात म्हणाली. "ये, दाखवते."

पहिली खोली मागे पडली, मग दुसरी. डोनाटाच्या चपला फरशीवर वाजत होत्या. जोसेफिन लॅपटॉप हातावर घेऊन उठली आणि पॅसेजमधून चालू लागली. दारांच्या रेषेच्या टोकाला बाक दिसत होता. बाकावर एक पाठ. करडा स्वेटर.

तिने बेडरूमचं दार ढकललं.

रॉयस्टन खुर्चीत बसला होता. समोरचा मॉनिटर बंद होता. फोन टेबलावर उजळून वाजत होता आणि तो नुसता त्याच्याकडे बघत होता.

"रॉय, हे कोण आहे?" तिने स्क्रीन दोघांना दिसेल अशी धरली. तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

बाकावरचा माणूस वळला. गाल बसले होते, दाढी वाढली होती. मास्क हनुवटीवर ओढलेला. रॉयस्टनच होता. तिला पाहून त्याचे डोळे भरून आले.

"जो," तो म्हणाला. "किती फोन केले तुला. रोज कोणीतरी उचलतं आणि बोलतच नाही."



तो उठून डोनाटाच्या फोनजवळ आला. निरखून बघू लागला.

"जो, तुझ्या मागे कोण उभं आहे?"

तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्याने लॅपटॉप मिटला. हळूच, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार लावावं तसा.

"रेंज गेली असेल," मागचा आवाज म्हणाला. "चहा टाकतो. आलं घालू ना?"

त्यानंतर सहलीची लिंक उघडेना. डोनाटाला पाठवलेले मेल परत आले. म्युझियमने कळवलं, आमच्याकडे डोनाटा नावाची गाइड नाही. पोलिसांना सांगायचं तर काय सांगायचं? माझा नवरा घरी आहे म्हणून? ती सोफ्यावर झोपू लागली. त्याने कारण विचारलं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. तो चांगला वागत होता. कधी नव्हे इतका चांगला.

एक नोव्हेंबरला देशाबाहेर जायची बंदी उठली. दुपारी, भाजी चिरता चिरता, ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मी मांतोव्हाला जाऊन येईन म्हणते."

"दोघं जाऊ की," तो म्हणाला. "बघ ना, माझा पासपोर्ट कुठे आहे. मला मिळतच नाही."

ती बेडरूममध्ये गेली. कपाटाच्या खणात दोघांचे पासपोर्ट एकाच पाकिटात असायचे. पाकिटात एकच निघाला. तिचा.

"सापडला?" स्वयंपाकघरातून त्याने विचारलं.

तिने पाकीट उलटं करून झटकलं.

"सापडला का, जो?" आता आवाज अगदी दारापाशी होता. "मीही कधीचा शोधतोय."