खालचा वारा

"ओ बाई! खाली घ्या ते! अवो, खाली घ्या म्हन्तो ना आधी!"

आमच्या प्रेमातलं पहिलं वाक्य हे असं आहे. कुणाला सांगायची सोय नाही, पण झालं ते असंच झालं.

पाटोद्याच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पलीकडं मी उभी होते. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला आभाळात माझा लाल पतंग, दोन गोधड्या जोडल्या तर होईल एवढा. पायाखाली फळी, फळीला चार जाड चाकं. वारा पतंगाला ओढतो, पतंग आपल्याला ओढतो आणि आपण माळावर सुसाट... आणि नेमकं अशा वेळी मागून कुणीतरी 'बाई' म्हणून बोंबलतंय. चोविसाव्या वर्षी बाई! माझं डोकंच फिरलं.

पतंग उतरवला आणि वळले. मोटारसायकल तशीच आडवी टाकून एक उंच पोरगा पळत येत होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात निळा शर्ट, घामाघूम.

"काय झालं? जमीन तुमच्या आज्याची हाय का?"

"जमीन कुनाची बी असू द्या. त्या तारा दिसतात का? आन् ती चक्की? पतंग गुतला तर पतंगासंगं तुमी बी जाल वर!"

तारा मला खरंच दिसल्या नव्हत्या. मोबाईलच्या नकाशात सपाट जागा पाहून आले होते, आणि नकाशात कुठं तारा दिसतात? पण असल्या आवाजापुढं चूक कोण कबूल करणार.

"मग दाखवा की चांगली जागा. नुसतं वरडायला काय जातंय?"

त्यानं हेल्मेट काढलं, कपाळाला चिकटलेले केस मागं सारले... आणि हसला. मेला! हसण्यासारखं काय होतं त्यात?

"नाव काय तुमचं?"

"वर्षाराणी."

त्यानं कोरड्या माळाकडं पाहिलं, मग पळणाऱ्या ढगांकडं. "वर्षाराणी? आन् आमच्या बीडात? लई दिवसांनी आलात."

"आणि तुमचं?"

"हरिओम."

"हे नाव हाय का जप?"

आता मात्र तो खळखळून हसला. मी दोऱ्या गुंडाळत होते, आणि त्या काही केल्या नीट गुंडाळल्या जाईनात.

माझं घर मेंढपाळाचं. वडील आसाराम, म्हणजे आमचे अण्णा, आई मनकर्णा, दारात मेंढरं. मी नेकनूरच्या एका शाळेत खेळ शिकवत होते, पण उन्हाळ्यात ती नोकरी संपली. सुट्टीत कोकणच्या किनाऱ्यावर सायलीताईंकडं हा पतंगाचा खेळ शिकले आणि वेडीच झाले. तिकडं पावसाळ्यात समुद्र खवळतो, सगळं बंद. आणि नेमका त्याच दिवसांत आमच्या पठारावर वारा सुटतो. ताई म्हणाल्या होत्या, "जमिनीवरची शाळा तुझ्याकडे काढू, तूच चालव. पण जागा मी स्वतः येऊन बघणार. माणूस पडलं तरी उठून चालत घरी गेलं पाहिजे, अशी जागा हवी. नाही मिळाली, तर तू इकडे ये. काम तयार आहे." जून संपायच्या आत त्या येणार होत्या. जागा मिळाली तर मी माझ्या माणसांत, नाही तर बोचकं बांधून कोकणात. आणि मला बीड सोडायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

हरिओम युसूफ वडगावचा, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर कामाला. वाऱ्याच्या वेगाचा आकडा रोज त्याच्या डोळ्यांपुढं. म्हणाला, "मी सांगत जातो की तुमाला. सकाळी फोन करीन."

आणि करायला लागला. "आज दहा. झकास वारा!" की मी निघाले फळी पाठीवर मारून. माळावर जावं, तर पतंग नुसता लोळतोय जमिनीवर. दुसऱ्या दिवशी, "आज अकरा!" पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर एक म्हातारा धनगर थांबून म्हणाला, "पोरी, वाळत घातलंय का काय?" मी तिथूनच फोन लावला.

"खोटारडे! मला पळवायचं ठरवलंय का तुम्ही?"

"आता कावून रागावता? अकराच हाय. मी डोळ्यानं बघतोय..."

"कुठं बघताय?"

मग बारीक आवाज आला, "...वरती. चक्कीच्या डोक्यावर."

अरे देवा! ताडाच्या तिप्पट उंचीवरचा वारा हा बाबा मला जमिनीवर पोहोचवत होता! चक्कीवाल्यांचा वारा म्हणजे वरचा वारा, खाली काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणंच नसतं. मला राग यायला हवा होता. मी मटकन खाली बसले आणि पोट धरून हसले. तोही तिकडं हसायला लागला. त्या दिवशी त्या हसण्यातच 'तुमी'चं 'तू' झालं, कुणी केलं ते आठवत नाही.

पुढच्या सुट्टीला तो स्वतः आला. हातात काठी, काठीला आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. "आता खालचा वारा बघू," म्हणाला. मग आम्ही माळ पालथे घालायला लागलो. कड्याजवळची जागा दिसायला फार देखणी, पण दरीतून वर चढणारा वारा चिंधीला कधी उचलायचा, कधी आपटायचा. तिथं पतंग लावला असता तर मला घेऊन गेला असता. टेकडीच्या आडोशाला वारा घुटमळायचा. एका गायरानात सगळं छान वाटलं, म्हणून मी फळीवर चढले... आणि धाडकन पडले. गवताखाली पाणी जिरवायला खोदलेला लांबच लांब चर होता.

हरिओम धावत आला. बाटलीतल्या पाण्यानं माझा गुडघा धुताना त्यानं निम्मं पाणी स्वतःच्याच बुटात ओतलं.

"लागलं का लई?"

"मला लागलंय आणि घाबरलायस तू."

त्यानं वर पाहिलं. मी खाली पाहायला हवं होतं, ते पाहिलं नाही. चिंधी फडफडत होती, तिकडं आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

जागा शेवटी सापडली ती सुंदरबाईंची. डोंगरकिन्हीच्या अंगाला मोठा उघडा माळ, ना तार, ना झाड, ना विहीर. वाऱ्याच्या पुढं लांबवर मोकळं रान, म्हणजे सुटलंच काही तर धडकायला काही नाही. चिंधी सरळ, एका दिशेला ताणलेली, जराही डगमगत नव्हती. मी तर नाचलेच. पण सुंदरबाई काही साध्या नव्हत्या.

"माळ घ्या की. पर फुकट न्हाई. पेरणीच्या आधी माझ्या खालच्या वावरात तुझ्या बापाची मेंढरं बसव. आन् त्याबदल्यात धान्य मागायचं न्हाई."

झालं! वावरात मेंढरं बसली की लेंडीखत पडतं, आणि त्याबद्दल शेतकऱ्यानं धनगराला धान्य द्यायचं, ही आमची पिढीजात रीत. फुकट मेंढरं बसवणं म्हणजे आमच्यात कमीपणा.

जेवताना मी विषय काढला, तसा अण्णांचा घास हातातच राहिला. "पतंगापायी? माझी मेंढरं? माझ्या बापानं कधी कुनाच्या वावरात फुकट बसवली न्हाईत."

"मग पाठवा पोरीला कोकणात," आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आन् बसा मेंढरं मोजत."

अण्णा उठून बाहेर गेले. बराच वेळ मेंढरांत उभे राहिले. परत आले तेव्हा माझ्याकडं न बघताच बोलले, "सकाळी लवकर निघू. ऊन व्हायच्या आत पोचाय पायजे." मला रडूच फुटलं. अण्णांना मिठी मारायची आमच्याकडं पद्धत नाही, मी मारली.

मेंढरं रात्री वावरात बसायची आणि दिवसा वरच्या माळावर चरायची. आणि काय सांगू, चार दिवसांत माळाचं रूपच बदललं! गवत कातरलं गेलं आणि खालचं सगळं उघडं पडलं. दगड दिसले, खड्डे दिसले, कडेला एक जुना चरही निघाला. मी आणि हरिओमनं दगड वेचून त्यात भरले. खेळाच्या मैदानासारखी फक्की मारून हद्द आखली, चारही कोपऱ्यांना चिंध्यांच्या काठ्या रोवल्या.

"वर्षा..." दगड उचलता उचलता तो थांबला. "तू गेलीस कोकणात... तर..."

"तर काय?"

"तर... हे दगड कोन उचलंल?"

"मजूर लाव!" मी फक्कीची मूठ त्याच्या अंगावर उडवली. पण आतून इतकी चिडले होते ना! एवढा उंच चक्कीवर चढतो, आणि एक वाक्य पुढं न्यायला याच्या जिभेला घाम फुटतो.

सायलीताई रविवारी आल्या. पाऊस नव्हताच. अख्खा तालुका ढग पळवणाऱ्या वाऱ्याला शिव्या देत होता आणि मी चोरून खूश होत होते. माळावर अर्धं गाव जमलेलं, अण्णा, आई, सुंदरबाई सगळ्यांत पुढं. फक्त हरिओम नव्हता. चक्की बंद पडली होती, त्याला सुट्टी मिळाली नाही. लांब पठारावर तो कुठल्यातरी पात्यामागं होता.

ताईंनी फक्की पाहिली, काठ्या पाहिल्या, पाय आपटत सगळा माळ चालून आल्या. मग म्हणाल्या, "चल, करून दाखव."

मी पट्टा बांधला. पतंग वर गेला. गावानं एकच गलका केला. तेवढ्यात आईच्या हातातला माझा फोन वाजला; हरिओम एवढ्यानं ओरडत होता की मलाही ऐकू आलं.

"वर्षाला सांगा थांब म्हनावं! पश्चिमेकडनं धुळीचा पट्टा येतोय, लई मोठा! वरनं दिसतोय मला!"

आमच्याकडं तर चिंध्या अगदी शांत, सरळ. आभाळ स्वच्छ. मी क्षणभर घुटमळले. ताई बघत होत्या, अख्खं गाव बघत होतं. आणि वरच्या वाऱ्यावर भरवसा ठेवून मी तीनदा फसले होते.

मी पतंग उतरवला.

"आँ! उडव की!" कुणीतरी ओरडलं. "भ्याली रं भ्याली!" हशा पिकला. माझे कान तापले, पण मी पतंगाच्या कडेवर दगड ठेवले आणि फळी उचलून बाजूला उभी राहिले. ताईंकडं बघायची हिंमत नव्हती.

आणि मग आली ती. माळाच्या टोकाकडून धुळीची भिंतच. लोकांचे रुमाल उडाले, सुंदरबाईंचा पदर सुटला, एक काठी मोडून पार पलीकडं जाऊन पडली. त्या झोतात मी पतंगाला बांधलेली असते तर... आई माझा हात सोडायला तयार नव्हती.

धूळ गेली. ताईंनी केसांतली माती झटकली आणि आईकडून फोन घेतला. "वर कोण आहे? मला सगळं ऐकायचंय." त्यांनी स्पीकर लावला. "बोला, मागे आणखी काही येतंय?"

"न्हाई जी, आता साफ हाय पार क्षितिजापत्तूर."

चिंध्या पुन्हा सरळ झाल्या. मी वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, मग पतंग वर घेतला. दोऱ्या ताणल्या, चाकं हलली आणि मी सुटले! माळ पायाखालून मागं पळायला लागला. वळले, परत आले, पुन्हा वळले. एकदा तर फळीसकट जमिनीवरून उचलले गेले आणि अलगद टेकले. मघाशी भ्याली म्हणणारेच आता शिट्ट्या मारत होते. अण्णा फेटा काढून हवेत फिरवत होते, आमचे अण्णा!

मी थांबले तेव्हा ताई समोर उभ्या होत्या. "वारा असताना उडवणारे खूप येतात गं माझ्याकडे. सगळे बघत असताना पतंग खाली घेणारी मला हवी होती. शाळा इथंच. पुढच्या आठवड्यात पोरं पाठवते."

मी किंचाळले. आई किंचाळली. आणि ताईंच्या हातातल्या फोनमधून, स्पीकरवरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आला:

"म्हंजे वर्षा जात न्हाई ना कोकणात? आरं देवा... ताई, तिला सांगू नका, पर मी रात्रभर झोपलो न्हाई. ती गेली असती तर मी काय केलं असतं? लई जीव हाय माझा तिच्यावर... तोंडावर बोलायला जमतच न्हाई..."

सगळ्या माना फोनकडून माझ्याकडं, माझ्याकडून अण्णांकडं वळल्या. माझा चेहरा पतंगापेक्षा लाल झाला असणार. पण आज मी कुणाला भिणार होते?

मी ताईंच्या हातातून फोन घेतला. स्पीकर तसाच ठेवला.

"हरिओम, अख्खं गाव ऐकतंय."

"...काय?"

"सगळे ऐकतायत. अण्णासुद्धा. आता तूही ऐक. माझाही जीव आहे तुझ्यावर. तुझी जीभ उचलायची वाट बघून बघून थकले मी!"

शिट्ट्यांनी माळ दणाणला. अण्णांनी शांतपणे हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी तो कानाशी धरला, खाकरले, आणि नेहमी मेंढरांना हाक मारतात त्याच आवाजात म्हणाले,

"पावनं, आधी नीट खाली उतरा. घाई करू नका, पट्टा सोडू नका. मग तुमच्या आई-बापाला घिऊन घरी या. आमी वाट बघतो."