मागच्या ॲक्सलचं डावं चाक

ही घटना खरी आहे.

अर्धी मला मामाने सांगितली आणि अर्धी माझ्या बाबांनी. दोघांनाही थापा मारायची सवय नाही. उलट, हा विषय निघाला की दोघंही उठून जातात.

भुतं रात्री येतात असं म्हणतात. हे घडलं तेव्हा रविवारची दुपार होती. अडीच वाजले होते. बाहेर डोळे दिपतील इतकं ऊन होतं.

मामा आणि बाबा एकाच वर्कशॉपमध्ये कामाला होते. मोठ्या ट्रेलरचे ब्रेक आणि चाकांचे हब दुरुस्त करायचं काम. हब म्हणजे चाकाच्या मधला तो जड गोळा, ज्याच्यात बेअरिंग असतात आणि ज्याच्यावर सगळा भार फिरतो. मामा बाबांना दाजी म्हणतो. गोष्ट त्याची आहे, म्हणून मीही इथे दाजीच म्हणते.

त्या सोमवारी एक ट्रेलर आला. तीन ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या तीन आडव्या दांड्यांचा, लोखंडी पत्र्याची भेंडोळी वाहणारा.

"ब्रेक मारला की मागून ओढतोय," ड्रायव्हर म्हणाला. "आणि कुठलंतरी चाक तापतंय. कुठलं ते कळत नाही."

मामा आणि दाजींनी ट्रेलर टेकू देणाऱ्या लोखंडी घोड्यांवर चढवला. सगळी चाकं उतरवली. सहाही हब उघडले, धुतले, नवीन ग्रीस भरलं, ब्रेकचे लायनर बदलले. बुधवारी संध्याकाळी काम संपलं. फक्त टायर चढवायचे बाकी होते.

गुरुवारी सकाळी मामा आला आणि जागीच थांबला.

मागच्या ॲक्सलचा डावा हब... उघडा होता.

ब्रेकचा ड्रम, हबवरचं ते जाड लोखंडी भांडं, खाली उतरवलेला. शेजारी स्वच्छ फडकं अंथरलेलं. आणि त्यावर नट, वॉशर, बेअरिंग, डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने ठेवलेले.

बाकी काही हललं नव्हतं. कुलूप होतं तसं होतं.

"दाजी, तुम्ही उघडलंत का हे?"

दाजींनी फडक्याकडे पाहिलं. मग मामाकडे.

"मांडणी तर तुझी आहे," ते म्हणाले.

ते खरं होतं. सुटे भाग असे ओळीत लावायची सवय फक्त मामाला. दाजी सगळं एका डब्यात टाकायचे.

मामाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

वर्कशॉपच्या किल्ल्या दोघांकडेच. पुढच्या दाराची मामाकडे, मागच्या दाराची दाजींकडे. आणि महिन्याभरापूर्वी साहेबांनी मामाला फोरमन केलं होतं. दाजी आठ वर्षांनी मोठे, कामालाही आधी लागलेले. तोंडाने ते काही बोलले नव्हते. "बरं झालं, घरातच राहिलं," एवढंच म्हणाले होते. पण त्या दिवसापासून डबा वेगळं बसून खायला लागले होते.

मामाला वाटलं, इथेच पाणी मुरतंय. आपलं नाव खराब करायला ही मांडणी केलीय.

त्याने हब बसवला, नट घट्ट केला.

शुक्रवारी सकाळी... पुन्हा उघडा.

तेच चाक. तसंच फडकं. मामाने हब पुन्हा बसवला.

शनिवारी मात्र हब जागेवर होता. मामाला बरं वाटलं, ते दुपारच्या सुट्टीपर्यंतच. सगळे बाहेर शेडमध्ये जेवत होते. मामा स्टोअरमध्ये लायनर मोजत होता.

टण्ण...

कोणीतरी हातोडीने ड्रम ठोकला होता.

हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ड्रम चांगला असेल तर हातोडी मारल्यावर घंटेसारखा वाजतो. तडा गेला असेल तर आवाज बसतो. ब्रेक लागलेला असला तरी बसतो, म्हणून आधी ब्रेक मोकळे करून ठेवतात. ते मामाने करूनच ठेवले होते.

टण्ण...

टण्ण...

आवाज पुढून मागे सरकत होता. एकेक चाक घेत.

टण्ण... टण्ण...

आणि सहावा, मागचा डावा.

ठप.

मामा धावत बाहेर आला. ट्रेलरपाशी कोणी नव्हतं. तो मागच्या दारातून डोकावला. दाजी नळावर हात धूत होते. कोपरापर्यंत साबण.

"एवढ्यात जेवण झालं, दाजी?"

"आज भूक नाही."

मामाने हातोडी घेतली आणि स्वतः सहाही ड्रम ठोकून पाहिले. सगळे खणखणीत वाजले. सहावाही.

त्या संध्याकाळी मामा आमच्या घरी आला. आईने दार उघडलं. ती त्याची थोरली बहीण.

"ताई, दाजींना सांग, फोरमनकी हवी असेल तर साहेबांकडे जाऊन मागा. चाकांशी खेळ नको. तीस टन माल घेऊन तो गडी उतार उतरणार आहे."

आई दारातच उभी राहिली. "तू काय बोलतोयस हे कळतंय का तुला?"

आतून दाजींचा आवाज आला. शांत.

"विचार त्याला, रात्री माझ्यामागे वर्कशॉपमध्ये येऊन हब कोण उघडतं. सगळ्यांना वाटावं की म्हातारा नट घट्ट करायला विसरला."

मामा पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

रविवारी सुट्टी. मामाने ठरवलं, आज सोक्षमोक्ष लावायचा.

दीड वाजता तो पुढच्या दाराने आत शिरला आणि कडी लावून घेतली. स्टोअरमध्ये जाऊन बसला. स्टोअरला दाराच्या जागी तारेची जाळी होती. तिथून ट्रेलरची डावी बाजू पूर्ण दिसायची, आणि खालून पलीकडचंही. कोणी पलीकडून आलंच तर निदान पाय तरी दिसले असते.

पत्रा उन्हाने तडतडत होता. कॉम्प्रेसर बंद. बाहेरच्या रस्त्यावरही गाडी नव्हती.

सव्वादोनला मागच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

मामाच्या ओठांवर हसू आलं. आलात ना, दाजी.

पण कोणी पुढे आलं नाही. पावलं टायरच्या ढिगापर्यंत आली आणि थांबली.

दहा मिनिटं गेली. पंधरा.

मग...

टण्ण...

पुढच्या ॲक्सलचा ड्रम. मामाच्या डोळ्यांसमोर. जाळीपासून जेमतेम दहा पावलांवर.

तिथे कोणी नव्हतं.

टण्ण...

पलीकडचा. मामा खाली वाकला. पाय नव्हते.

टण्ण... टण्ण... टण्ण...

ड्रमवरची धूळ उडत होती. प्रत्येक ठोक्याला, थोडीशी, हातोडी पडावी तिथेच. आणि हातोडी नव्हती. हात नव्हता. आता राहिला होता फक्त मागचा डावा.

ठप.

सहावा.

मग सगळं थांबलं. पत्र्याची तडतडसुद्धा. मामा म्हणतो, ती शांतता त्या आवाजापेक्षा वाईट होती. कोणीतरी समोर उभं राहून आपल्याकडे निरखून बघतंय असं त्याला वाटत राहिलं. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही.

शेवटी टायरमागून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मामा जाळी ढकलून बाहेर आला.

समोर दाजी उभे होते. हातातली पहार खाली पडलेली. चेहरा पांढराफटक.

ते आधी चाकाकडे बघत होते. मग त्यांनी स्टोअरकडे पाहिलं. मग मामाकडे.

"तू... आत होतास?"

"दीड वाजल्यापासून. तुम्ही ऐकलंत ना?"

"काय?"

"ठोकल्याचा आवाज. सहा वेळा."

दाजींनी मान हलवली. "मी काही ऐकलं नाही."

"मग तुम्ही घाबरलात कशाला?"

दाजी सरळ त्या मागच्या चाकापाशी गेले आणि म्हणाले, "हा हब काढ. ड्रमचं राहू दे, आतलं ॲक्सलचं टोक बघू. रॉकेल आण आणि खडू आण."

ही जुनी युक्ती आहे. लोखंडाला रॉकेल लावायचं, जरा थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

दोघंही खडूकडे बघत बसले.

पाच मिनिटांनी रेघ उमटली. केसासारखी बारीक. बेअरिंग बसतं त्या जागी, जवळजवळ पूर्ण गोल.

दोन बोटं जागा तेवढी शाबूत होती. पहिल्याच मोठ्या उतारावर, ब्रेक दाबल्यावर, ते चाक सगळ्या हबसकट निघून गेलं असतं. मागून येणाऱ्या कोणाच्यातरी अंगावर.

सोमवारी साहेबांनी तो ॲक्सल मोडीत काढला. नवीन बसला. ड्रायव्हरने दोघांचे हात हातात घेतले. मामाने त्याला विचारलं, या गाडीवर आधी कोणी होतं का, कोणी गेलंबिलं का. तो म्हणाला, "कारखान्यातून निघाली तेव्हापासून मीच आहे."

वर्कशॉपमध्येही कधी कोणी दगावलं नव्हतं. मामाने जुन्या माणसांकडे चौकशी केली.

पण एक गोष्ट त्याच्या मनात राहिलीच. दाजींना कसं कळलं, आत बघायचं ते? आवाज ऐकला नव्हता म्हणतात, मग घाबरले कशाने?

त्याला वाटायचं, दाजी काहीतरी लपवतायत. दाजी त्याच्याशी बोलायचे, कामही करायचे. पण त्या दिवसानंतर मामाबरोबर वर्कशॉपमध्ये एकटे थांबायला कधी तयार झाले नाहीत. चार महिन्यांनी त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. त्या दिवशी घरी आम्ही चौघंच होतो. जेवणं झाल्यावर मामाने अकरा वर्षांनी तो प्रश्न पुन्हा विचारला.

"दाजी, आता तरी सांगा. तुम्ही काय पाहिलंत?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "सांगून टाका. त्याला झोप लागत नाही."

"मी ऐकलं काहीच नाही," बाबा म्हणाले. "हातोडी पडत होती, पण आवाज नव्हता. मी पाहिलं ते तुला. तूच होतास. हाच चेहरा, हेच चालणं. एकेक ड्रम ठोकत गेलास. शेवटी हबच्या मधोमध तळहात ठेवलास. मला वाटलं, सापडला चोर. मी पहार घेऊन पुढे निघालो..."

"मग?"

"मग स्टोअरच्या जाळीमागे काहीतरी हललं. तिथेही तूच होतास."

मामाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि त्याने मान वर केली," बाबा म्हणाले. "माझ्याकडे नाही बघितलं. तुझ्याकडे बघत होता. बराच वेळ. ओळखीचं कोणी भेटल्यासारखं."

मामा अजून कामावर जातो. काम तसंच चोख. फक्त अलीकडे एक नवीन सवय लागलीय. हब बसवून झाला, नट घट्ट झाला, की तो जवळ जो असेल त्याला हाक मारतो. वेल्डर असो, ड्रायव्हर असो, कोणीही.

"हे मीच केलं ना आता?" विचारतो. "तू बघितलंस ना?"

लोक हसून हो म्हणतात.

मागच्या आठवड्यात एक ड्रायव्हर म्हणाला, "कमाल करता, फोरमन. पाच मिनिटांपूर्वी हेच विचारलं होतंत की."