ससाण्याच्या पायाखालची ओळ

"मॅडम, फक्त एक सही हवी आहे. बाराच्या आत."

गुरुवार, सकाळचे सव्वासात. कौशिक नाडगौडाचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. आखातातल्या या शहरात, बिन महमूद भागात चित्रं फ्रेम करून देणारी एक फर्म होती, तिचा तो मॅनेजर. उर्वी सबनीस जुने कागद दुरुस्त करते, तपासते, त्यामुळे दोघांची कामापुरती ओळख होती.

"कसली सही?"

"एक चित्र नकली आहे, एवढंच तुमच्या लेटरहेडवर लिहून द्यायचं. चोर सापडलाय."

"सापडलाय तर माझं काय काम?"

"चित्राच्या मालकांना, शेठना, रविवारी पोलिसांत जायचंय, त्यांना कागद लागतो. वाईट वाटतं हो, आपलाच मराठी माणूस आहे. आमचा सुतार, महिपती."

उर्वीने फोन ठेवला. आधी चोर ठरला होता आणि पुरावा आता गोळा होत होता. एम.एस्सी.च्या प्रयोगवहीत कुणी असं लिहिलं असतं तर तिच्या सरांनी वही खिडकीबाहेर फेकली असती.

आठ वाजता ती वर्कशॉपमध्ये पोचली.

टेबलावर उघडलेली फ्रेम होती. शेजारी नवा पांढरा माउंट, म्हणजे चित्राभोवती बसणारी जाड पुठ्ठ्याची खिडकी. आणि त्याशेजारी चित्र. हातमोज्यावर बसलेला ससाणा, मान वळवलेली, पिवळे पाय. लंडनमध्ये १८३७ साली छापलेला आणि नंतर हाताने रंगवलेला शिळाछाप, म्हणजे दगडावरून घेतलेला छाप. निदान तसं दिसायला हवं होतं. पायाखाली बारीक अक्षरांची एक ओळ होती. छापणाऱ्याचं नाव, रस्ता, साल.

उर्वीने भिंग लावलं. ओळीतलं प्रत्येक अक्षर निळ्या-गुलाबी ठिपक्यांचं होतं. प्रिंटरमधून निघालेलं.

"नकली आहे," ती म्हणाली.

"झालं तर मग." कौशिकने पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं नाही. ती अजून चित्राकडेच बघत होती. ती ओळ ससाण्याच्या नख्यांपेक्षा जास्त काळी होती. ओळीभोवतीचा कागदही जास्त पांढरा. चारही बाजूंना असाच बोटभर पट्टा होता, चित्राच्या बाकीच्या भागापेक्षा ताजा. तिने पट्टी काढून मोजलं आणि वहीत आकडे लिहिले.

"हे सगळं कशाला? नकली आहे ना?"

"सवय आहे. मला पहिल्यापासून सांगा."

कौशिकने घड्याळात बघितलं. मग सांगितलं. अबू हमूर भागातल्या फैसल शेठकडे अशी चाळीस इंग्रजी चित्रं आहेत. त्यांच्या वडिलांनी जमवलेली. प्राणी, धंदेवाले, मंत्र्यांची टिंगल करणारी चित्रं. दोन वर्षांपूर्वी कॅटलॉगसाठी ती सगळी आमच्याकडे स्कॅन झाली. त्यानंतर कौशिकने ती पुन्हा फ्रेममध्ये बसवली, मागे कागदी सील चिकटवलं आणि सीलवर सही केली.

"गेल्या महिन्यात शेठ म्हणाले, खालची ओळ माउंटखाली झाकली जाते, पाहुण्यांना साल दिसत नाही. मी पंधरा दिवस पुण्याला रजेवर होतो, या शनिवारी परतलो. त्यांनी फ्रेम परस्पर पाठवली. महिपतीने सील कापलं, मोठ्या खिडकीचा माउंट बसवला आणि गेल्या गुरुवारी परत नेऊन दिली. मंगळवारी लंडनचा तज्ज्ञ नेहमीच्या मूल्यांकनाला आला. त्याने ओळीवर भिंग धरलं आणि खलास."

"तज्ज्ञाने हे चित्र आधी पाहिलं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी. अस्सल म्हणून त्यानेच सर्टिफिकेट दिलं होतं."

"मधल्या काळात फ्रेम कुणी उघडली असेल?"

"अशक्य. महिपतीने कापेपर्यंत माझं सील अखंड होतं. त्यालाच विचारा."

महिपती मागच्या खोलीत उभा होता. पन्नाशीचा, उदगीरकडचा. सहा महिन्यांपूर्वी या फर्ममध्ये आला, त्याआधी रास लफानच्या गॅस प्रकल्पावर कंत्राटदाराकडे सुतारकाम. त्याच्या कामाच्या टेबलावरच्या भिंतीला एका बाईचा मोठा करून घेतलेला फोटो होता. नऊवारी, कडेवर करडू. भोवती रुंद माउंट.

"महिपतीभाऊ, सील तुम्हीच कापलंत?"

"मीच. दुसरं कोन हाय हितं?"

"कसं होतं ते?"

"धडधाकट, कुटं फाटलेलं न्हाई. सायबाची सही हुती वर."

"आतलं चित्र नकली आहे हे कळलं नाही?"

"ताई, मला पाखरू दिसलं. असली काय, नकली काय, मी कसं सांगू? माझी नजर कटावर. जुन्या माउंटचा कट वाकडा हुता. डाव्या अंगाला खाली दीड मिलिमीटर उतरलेला. असला कट माझ्या हातून गेला तर मला जेवन जायचं न्हाई."

"तो जुना माउंट कुठाय?"

महिपतीने भिंतीकडे बोट केलं. "पारूबाईला घातलाय. बोर्ड चांगला हुता, फेकायचा कशाला? तेवढ्याच मापाचा फोटो काढून आनला."

दारातून कौशिक हसला. "बघा मॅडम! भंगारसुद्धा सोडत नाही हा माणूस."

महिपतीची मान खाली गेली. उर्वीच्या कानामागे काहीतरी गरम झालं. राग आला की ती ओरडत नसे. तिचं अक्षर बारीक होत असे. वहीतली पुढची ओळ मुंगीएवढी झाली.

"कौशिक, मला शेठशी बोलायचंय. अकराची वेळ घ्या."

तो फोन लावायला बाहेर गेला. महिपतीने लगेच खिशातून दोन कागद काढले.

"ताई, हे वाचा की. आज रातच्या इमानाचं तिकीट हाय. साहेब म्हनले, ह्या कागदावर सही कर आन् मुकाट घरी जा. न्हाईतर पोलिस, मंग केस संपंस्तोवर गाव दिसायचं न्हाई. कुनाला बोलू नको म्हनले. शेठला बी न्हाई."

"पासपोर्ट?"

"त्यांच्या ड्रॉवरला. सही केली की देनार."

"कागदात काय लिहिलंय, सांगितलं?"

"नोकरी सोडतो म्हनून लिवलंय म्हनं."

उर्वीने इंग्रजी मजकूर वाचला. मग त्याला मराठीत सांगितला, एकही शब्द न गाळता. "मी चित्र चोरलं. अनोळखी माणसाला विकलं. मला पश्चात्ताप होतो."

 टेबलावरचा कटर उचलून महिपतीने पातं आत घेतलं आणि तो शांतपणे लांब ठेवून दिला.

"सही करू नका," उर्वी म्हणाली. "हे दोन्ही कागद मला द्या. आणि पारूबाईंचा फोटोही. माउंटसकट."

साडेदहालाच ती अबू हमूरच्या व्हिलात पोचली. घर सांभाळणाऱ्या नफिसाने मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, उघडून दिली. ती हैदराबादची.

भिंतभर चित्रं होती. गेंडा. वाघ. चाकाला पाय मारत सुऱ्या पाजवणारा कारागीर. गाढवावर उलटा बसलेला, नाकाच्या जागी बटाटा काढलेला कुणी मंत्री. मध्ये एक मोकळा खिळा. समोर पूर्वेची उंच खिडकी, बिनपडद्याची.

"नफिसाबी, इथं पडदे नव्हतेच का?"

"थे ना. शेठ साब निकलवा दिए, दो साल होरे. सुबू से बारा बजे तक धूप सीधी बाज पंछी के ऊपर. मैं बोली, रंग उड़ जाता. मेरी कौन सुनता?"

"चावी कुणाकडे असते?"

"मेरे पास. तो मैं चोर हो गई क्या?"

"नाही," उर्वी म्हणाली. "आणखी एक. जरा खोलीत अंधार करता येईल का? जाड चादर चालेल."

अकरा वाजता सगळे जमले. कौशिकने वर्कशॉपमधून ससाण्याचं चित्र आणून टेबलावर ठेवलं. फैसल शेठ साठीचे, निवृत्त इंजिनियर. ते इंग्रजीत बोलत होते आणि प्रत्येक शब्द आवळलेल्या दातांतून येत होता.

"माझ्या वडिलांनी हे चित्र मांडीवर ठेवून लंडनहून आणलं होतं. मला माझा ससाणा हवा. आणि या चोराला तुरुंग."

कौशिक त्यांच्या उजवीकडे बसला होता. महिपती दाराशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

उर्वीने एक खुर्ची ओढून पुढे आणली. "महिपतीभाऊ, बसा. बसल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

तो काठावर टेकला.

"कौशिक, शेठसमोर पुन्हा सांगा. दोन वर्षं ही फ्रेम कुणी उघडली?"

"कुणीच नाही. सीलवर माझी सही होती, अखंड."

"तुम्ही बसवलेला जुना माउंट कुणी कापला होता?"

"मीच. सगळं माझ्या हाताने."

"नक्की?"

"मॅडम, शंभर टक्के."

"धन्यवाद. नफिसाबी, चादर."

खोली काळोखली. उर्वीने अतिनील टॉर्च लावला आणि चित्रावर धरला. ससाणा मंद, मातकट दिसला. पण त्याच्याभोवती निळसर पांढऱ्या उजेडाची चौकट पेटली. बोटभर रुंद, धारदार कडांची.

फैसल शेठ पुढे वाकले. "हे काय?"

"आजकालचा कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात. ते या टॉर्चखाली चमकतं. १८३७ च्या कागदात ते नसतं, म्हणून हा कागद नवा. पण ऊन लागलं की ते रसायन मरतं. मधल्या भागात ते मेलंय. कडेला जिवंत आहे, कारण कडा माउंटखाली झाकलेली होती."

"मग?"

"नव्या माउंटची खिडकी मोठी आहे. ती एवढी कडा झाकतच नाही. ही कडा झाकणारा माउंट हा." तिने पारूबाईचा फोटो काढून ठेवला होता. जुना माउंट तिने हलक्या हाताने चित्रावर ठेवला.

खिडकी त्या चमकत्या रेषेवर बसली. वर, उजवीकडे, डावीकडे. खालची रेष डाव्या टोकाला उतरत गेली होती, दीड मिलिमीटर. माउंटचा कटही तसाच उतरला होता. कुठेच फट राहिली नाही.

"नक्कल या वाकड्या माउंटखाली होती," उर्वी म्हणाली. "एक-दोन दिवस नाही. या खिडकीतलं ऊन महिनोन् महिने खात होती. नवा माउंट येऊन आठवडाच झालाय. महिपतीभाऊंनी सील कापलं तेव्हा आत नक्कलच होती."

चादर खाली आली. उन्हात सगळ्यांचे डोळे बारीक झाले.

"सील दोन वर्षं अखंड होतं. ते कौशिक आत्ता दुसऱ्यांदा सांगून बसले. म्हणजे सील लावतानाच नक्कल आत गेली. स्कॅन त्यांच्याकडे, माउंट त्यांचा, सही त्यांची. झाकलेल्या ओळीमुळे ती पकडली जात नव्हती. हे रजेवर गेले आणि एका चांगल्या सुताराने सांगितलेलं काम नीट केलं. ओळ उघडी पडली."

"थिअरी आहे ही!" कौशिक उठला. "सील कुणीही बनवू शकतं. या नफिसाकडे चावी आहे. शेठ, मी परवा मंगळवारी इथे आलो तेव्हा मलाही तुमच्याएवढाच धक्का बसला."

"मंगळवारी?"

"मंगळवारीच. त्याआधी मला काय माहीत?"

उर्वीने तिकीट टेबलावर ठेवलं.

"हे महिपतीभाऊंचं आज रात्रीचं तिकीट. सोबत हा कबुलीजबाब, त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत."

"कसलं तिकीट?" फैसल शेठ म्हणाले. "मी तर रविवारी पोलिसांत जाणार होतो. तोपर्यंत याला इथेच ठेव म्हणून सांगितलं होतं!"

"पळालेला चोर आणि त्याची सही, एवढं मिळालं की चौकशी संपली असती. कोपऱ्यात तिकीट काढल्याची तारीख आहे. शेठ, वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "रविवार. गेला रविवार."

"कौशिक शनिवारी परत आले, त्यांना नवा माउंट गेल्याचं कळलं. मंगळवारी तज्ज्ञ येणार हेही माहीत होतं." उर्वीचा आवाज अजूनही चढला नव्हता. "चोरी मंगळवारी उघडकीला आली. चोराचं तिकीट तुम्ही रविवारी कसं काढलंत, कौशिक?"

 कौशिक बसला. मग तो उर्वीकडे वळला आणि मराठीत, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "मॅडम, हे आपण आपल्यात मिटवू. प्लीज."

"आपल्यात म्हणजे कोणाकोणात? हे भाऊ धरून की सोडून?"



"ससाणा कुठे आहे?" फैसल शेठ म्हणाले.

"गेला," कौशिक जमिनीकडे बघत म्हणाला. "दीड वर्षापूर्वी. युरोपात. घेणाऱ्याचं नाव देतो."

शेठनी पोलिसांना फोन लावला. अरबीत चार वाक्यं बोलून ते महिपतीपुढे येऊन उभे राहिले. दोन दिवस ज्याला चोर म्हटलं त्याला काय म्हणावं, हे त्यांना सुचत नसावं.

"माफ कर," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "बोल, क्या चाहिए?"

"पासपोर्ट," महिपती उभा राहत म्हणाला. "आन् ह्यांनी लिवलेला कागद खोटा हाय, हे दुसऱ्या कागदावर पायजे. मराठीत. मला वाचता यील असा."

"तो मी लिहिते," उर्वी म्हणाली. तिने तिथेच, मुंगीएवढ्या अक्षरात लिहायला घेतलं. मग थांबली, पान फाडलं, आणि त्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं. फैसल शेठनी खाली सही केली.

महिपतीने पारूबाईचा फोटो शर्टाच्या खिशाशी धरला होता.

"भाऊ, जुना माउंट आता पुरावा आहे. केस संपेपर्यंत परत मिळायचा नाही."

"ऱ्हाऊ द्या की," महिपती म्हणाला. "माझ्या बायकोला मी वाकडा कट का घालू? नवा कापतो. सरळ."